बोटानं दाखवता येईल असं नाव

मागच्या आठवड्यात माझ्या सुनेनं हैदराबादहून मोबाइलवर एक पान पाठवलं. तिला सातवा महिना चालू आहे आणि सध्या ती बाळांच्या नावांच्या वेबसाइटी धुंडाळते. मुलगा होणार की मुलगी हे माहीत नाही, म्हणून दोन याद्या. मुलांची यादी चाळताना तिला तिच्या नवऱ्याचंच नाव सापडलं. "मम्मीजी, देखिए, ये तो यहाँ भी है!" असं लिहून तिनं ते पान मला पाठवलं. ती इंदूरची, हिंदी घरातली. मराठी समजते, बोलायला लाजते.

मी लॅबमध्ये होते. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता वाचलं. नाव : तिनिश. अर्थ : तेजस्वी, सर्वांना जिंकणारा. मूळ : संस्कृत. भाग्यांक सात, शुभ रंग पिवळा. स्वभाव : जन्मजात नेतृत्व. लोकप्रियता : अत्यंत दुर्मीळ.

मूळ आणि दुर्मीळ एवढं सोडलं तर सगळं चूक. जन्मजात नेतृत्वाचं म्हणाल तर माझ्या मुलाला हॉटेलात वेटरला हाक मारणं जमत नाही.

खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. हे वाचून ज्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला असता आणि "तेज? कुठे आहे तेज? बोटानं दाखव ना बाई," असं म्हणून आख्खी लॅब डोक्यावर घेतली असती, ते आमचे घरमालक आता नाहीत. मुलाचं हे नाव त्यांनी ठेवलेलं.

लग्नानंतर नऊ वर्षं आम्ही जबलपूरच्या रांझी भागात त्यांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. नवरा रेल्वेत, पाळ्या सांभाळणारा. मी एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. माझं माहेर अमरावतीचं, त्यामुळे त्यांची वऱ्हाडी बोली मला परकी वाटली नाही. फक्त तिच्यात मध्येच हिंदीचे खडे लागायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते मला बाई म्हणायचे, माझ्या नवऱ्याला भैया, आणि स्वतःच्या स्कूटरला 'म्हातारी'.

जबलपुरातल्या बऱ्याच मराठी माणसांसारखी त्यांचीही नोकरी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत झाली. त्यांचं काम लाकूड तपासण्याचं. जंगलातून आलेले ओंडके यार्डात पडलेले असायचे, आणि हे त्यांच्यामधून हिंडत बोटाच्या पेरानं एकेकाला ठोकायचे. आवाजावरून आतली पोकळी, चीर, कीड सांगायचे. निवृत्त झाले तरी ठोकणं थांबलं नाही. कुणाकडे गेले की आधी दार ठोकायचे, ते उघडं असलं तरी. मग चौकट. मग खुर्ची. मग बसायचे. शेजारच्यांनी हौसेनं नवं जेवणाचं टेबल घेतलं आणि काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. काकांनी दोनदा टकटक केली, कान लावला आणि विचारलं, "सागवान म्हणून घेतलं काय?"

"हो ना काका. शुद्ध सागवान."

"अच्छा," काका म्हणाले. "चलो, जेवायला तर चालेलच."

ते शेजारी आमच्याशी महिनाभर बोलले नाहीत. आमच्याशी काहून, ते मला अजून कळलेलं नाही.

लाकडासारखंच ते नावंही ठोकून बघत. नावाबद्दल त्यांचा एकच नियम होता आणि तो ते कुणी न विचारता सांगत : नाव अशा गोष्टीचं असावं, जी पोराला हाताला धरून नेऊन बोटानं दाखवता येते. नदी चालेल, झाड चालेल, पक्षी, धान्य, तारा, काहीही चालेल. यश, तेज, विवेक, प्रतीक हे चालणार नाही. "पोरगा उद्या विचारेल, मी म्हणजे काय? तेव्हा काय दाखवशील? डिक्शनरी?"

याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या नावात होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना एका सद्गुणाचं नाव दिलं होतं, अगदी उत्तम सद्गुणाचं, जो त्यांच्या अंगात औषधालाही नव्हता. "सत्तर वर्षं शोधून राहिलो," ते म्हणायचे, "अजून भेटला नाही. मग त्या नावानं हाक मारली तर ओ कोणी द्यायची?" म्हणून कॉलनीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. मारली तरी ते वळत नसत.

कॉलनीत कुणाच्या घरी बारसं ठरलं की काका आदल्या दिवशी जाऊन पोचायचे. लोक घाबरायचे, पण चहा द्यायचे. आमच्या गल्लीतल्या एका जोडप्यानं मुलाचं नाव अर्णव ठरवलं. काका बसले, खुर्ची ठोकली आणि विचारलं, "अर्णव म्हणजे?"

"समुद्र, काका."

"जबलपुरापासून समुद्र किती लांब आहे?"

"आता काका, तो मोठा होईल, जाईल ना कधीतरी गोव्याला."

"म्हणजे तोवर हा पोरगा तसाच राहील? का बरगीचं धरण दाखवून फसवाल त्याला?"

त्यांनी अर्णवच ठेवलं. काकांनी त्याला शेवटपर्यंत 'बरगी' म्हणून हाक मारली, आणि गंमत म्हणजे तो पोरगा त्याच हाकेला ओ द्यायचा. तेव्हा आमच्या लॅबमध्ये अर्णव हे नाव नवीन होतं. आता एका सकाळी तीन-तीन अर्णव येतात, आरव तर विचारू नका. नळीवर नुसतं नाव लिहून चालतच नाही, जन्मतारीख लिहावी लागते.

पण काका नुसती टीका करून थांबत नसत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ज्यांनी त्यांचं ऐकलं त्यांच्या मुलांची जबाबदारी ते घ्यायचे. मूल पाचेक वर्षांचं झालं, चार गोष्टी त्याच्या लक्षात राहायला लागल्या, की ते त्याला त्याच्या नावाकडे घेऊन जायचे. याला ते 'गाठ घालून देणं' म्हणायचे. रेवा नावाच्या मुलीला ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत पाय बुडवून उभं केलं. ध्रुव नावाच्या मुलाला दिवेलागणीनंतर गच्चीवर नेलं. मुलाला त्या गोष्टीसमोर उभं करायचं, म्हणायचं, "हे तू. आता एकमेकांशी बोला," आणि आपण मोजून दहा पावलं लांब जाऊन पाठमोरं उभं राहायचं. बस, एवढंच. प्रसाद नाही, फोटो नाही. परत येताना मुलाला जिलेबी.

आता या मुलांतली काही तिशीला आली असतील. परवा एका बाईंचं रक्त घेतलं, चिठ्ठीवर नाव रेवा. मी विचारलं, रांझीच्या का? ती म्हणाली, हो, आपण कसं ओळखलं? मी म्हटलं, असंच. सुई टोचताना गप्पा मारू नयेत.

माझ्या मुलाच्या वेळी मी पुरती थकलेली होते. नणंदेनं आर्यन सुचवलं होतं, सासूबाईंनी पत्रिकेवरून त किंवा थ काढलं होतं, आणि मला दोन्हीचं काही नव्हतं. मला फक्त नाव छोटं हवं होतं. बारशाच्या चार दिवस आधी काका जिना चढून आले. हातात बैलगाडीच्या जुन्या चाकाचा एक आरा होता, तेलानं पुसलेला. त्यांनी तो पाळण्याच्या कडेला ठेवला.

"त आलंय ना? मग हे घे. तिनिश."

"म्हणजे काय?"

"झाड. इथं याला तिन्सा म्हणतात, तुमच्याकडे तिवस म्हणत असतील. पोथीतलं नाव तिनिश. पूर्वी रथाची चाकं याची करायचे. आमच्या फॅक्टरीत तोफेच्या गाडीच्या चाकाला हेच आलेलं पाहिलंय मी, सुरुवातीच्या दिवसांत. दिसायला काही नाही बरं. सागवानासारखा रुबाब नाही. पण खड्ड्यात चाक आपटलं तर सागवान फुटते, हे फुटत नाही. वाकते जरासं, परत सरळ होते."

"कुठे असतं हे?"

"कुंडमच्या रस्त्याला. माझं एक ठरलेलं आहे. फाल्गुनात पानं झडून जातात आणि सगळ्या अंगाला फिकट गुलाबी फुलं येतात. मग मधमाश्या. पाच वर्षांचा होऊ दे, मी घेऊन जाईन."

मी मनातल्या मनात नाव नळीवर लिहून पाहिलं. बसत होतं. मी हो म्हटलं. लोक मुलांची नावं ठेवण्यामागे मोठमोठ्या गोष्टी सांगतात. माझी गोष्ट एवढीच आहे. नणंद थोडी खट्टू झाली, पण पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात कुर्र करून तिनं तेच नाव सांगितलं. सराफ्यात चांदीच्या वाटीवर नाव कोरायला दिलं तेव्हा सोनारानं दोनदा विचारलं, "दीदी, पक्का? दानिश तो नहीं?" काका माझ्यासोबत होते. त्यांनी त्याच्या दुकानाचं लाकडी काउंटर ठोकलं आणि म्हणाले, "पक्का. तेरे काउंटर से तो पक्का ही है."

मुलगा रांगू लागला तो त्यांच्या जिन्यावर, चालू लागला तो त्यांच्या अंगणात. मी कामावर असताना तो खालीच असायचा. ठोकायला तो बोलण्याआधी शिकला. आणि वर्षं जातील तसे काकांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. थेंब घालायचे, पण कडा आत यायला लागल्या होत्या. ते स्वतःच सांगायचे, "समोरचं दिसून राहिलं अजून. बाजूचं गेलं." समोर बघून चालताना बाजूच्या कुंड्या लाथाडायचे.

मुलगा पाचचा झाला त्या फाल्गुनात काका म्हणाले, चल. मुलाला कांजिण्या आल्या होत्या. पुढच्या फाल्गुनात म्हणाले, चल. तेव्हा त्याच्या शाळेची परीक्षा होती आणि आमच्या लॅबमध्ये माणसं कमी होती. मला सुट्टी मिळाली नसती, आणि खरं सांगायचं तर मी मागितलीही नाही. मला त्यात तातडीचं काही दिसत नव्हतं. झाड कुठे पळून जाणार होतं?

"काका, पुढच्या वर्षी नक्की," मी म्हटलं.

ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडे बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. "पुढच्या वर्षी झाड असेल बाई," ते म्हणाले. "मला ते दिसेल काय, याची ग्यारंटी कोण देते? तुझा डॉक्टर?"

मी हसले. वर स्वयंपाक पडला होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ते झालं. दुपारी लॅबमधून जरा लवकर आले. मुलगा खाली नव्हता. काका नव्हते. दाराला कुलूप. शाळेत फोन केला तर म्हणे, दादाजी येऊन घेऊन गेले, तुम्हीच सांगितलंय म्हणाले. शेजारची बाई म्हणाली, "वो तो चौक की तरफ गए, डब्बा-वब्बा लेकर."

मी चौकापर्यंत पळत गेले. कुंडमची बस उभी होती, भरलेली, कंडक्टर अजून माणसं कोंबत होता. खिडकीत माझा मुलगा. शाळेचा शर्ट, गळ्यात पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला आधी तोच दिसला आणि त्याचाच जास्त राग आला. त्याच्या शेजारी काका, मांडीवर दोन डबे.

मी बसमध्ये चढले. काका म्हणाले, "बाई, सहाच्या आत परत आणतो. दोन डबे घेतलेत. तू नाही म्हणाली असती, म्हणून..."

मी मुलाचा दंड धरला. आणि म्हणाले, "ठीक से दिखता नहीं आपको, और मेरे बच्चे को जंगल ले जा रहे हैं? कुछ हो गया तो आप ढूँढ पाएँगे इसको?"

हिंदीत म्हणाले. आमचं त्यांच्याशी सगळं बोलणं मराठीत चालायचं, भांडणंसुद्धा. त्या दिवशी हिंदीत म्हणाले, कारण मला ते बसमधल्या सगळ्यांना कळायला हवं होतं. आणि कळलं. एक म्हातारी म्हणाली, "हाँ बेटा, सही तो कह रही है."

मुलगा रडत होता, त्याला मी उतरवलं. काका उतरले नाहीत. बस निघाली तेव्हा ते समोर बघत बसले होते, शेजारची जागा तशीच रिकामी ठेवून, कंडक्टर ओरडत असतानाही.

ते सहाच्या आत परत आले. दोन्ही डबे स्वच्छ धुऊन जिन्यावर ठेवलेले मला मिळाले. एक डबा माझाच होता, मुलगा शाळेत न्यायचा तो.

मी बरोबर होते की नाही, याचा हिशेब मी खूपदा केला आहे. आई म्हणून बरोबरच होते. न सांगता दुसऱ्याचं मूल शाळेतून काढून जंगलाच्या रस्त्याला नेणं योग्य नाही. आज कुणी असं केलं तर पोलीस येतील. पण मी ते त्यांना घरी सांगू शकले असते. जिन्यावर सांगू शकले असते. मराठीत सांगू शकले असते.

ते मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखेच. "काय करून राहिली बाई? भाजी काय?" झाडाचा विषय त्यांनी परत काढला नाही, आणि मी तर नाहीच. चार महिन्यांत आमच्या स्वतःच्या फ्लॅटचं काम झालं आणि आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. सामानाच्या टेंपोत काकांनी स्वतः दोर आवळून बघितला. मी पाया पडले. ते म्हणाले, "दरवाजे कशाचे आहेत तिकडे?"

"प्लायवूडचे, काका."

"अच्छा," म्हणाले. "मग मी येऊन काही उपयोग नाही."

ते आले नाहीत. मी जायची म्हणत राहिले. सणाला जायचं, मग वाढदिवसाला, मग बरं नाही कळलं तेव्हा. जबलपूर काही मोठं शहर नाही, अर्ध्या तासात माणूस कुठूनही कुठेही पोचतो, आणि तरी वर्षं निघून गेली. मध्ये दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. एकदा रिक्षा थांबवली. काका ओसरीत बसलेले दिसले, तोंड माझ्याकडे. त्यांनी हात केला नाही. मला वाटलं, रागावलेत. घरी आल्यावर लक्षात आलं की आता त्यांना समोरचंही दिसत नसावं. रोज डोळ्यांच्या रुग्णांचं रक्त तपासणारी मी, आणि हे माझ्या लक्षात यायला घर यावं लागलं.

ते गेल्याचं मला तेरावा होऊन गेल्यावर कळलं. मुलगा तेव्हा भोपाळला कॉलेजात होता. त्याला फोन केला तर तो नुसतं "बरं" म्हणाला. मला वाटलं, त्याला फारसं आठवत नसेल. सहा वर्षांचा होता आम्ही ते घर सोडलं तेव्हा. रांझीचं घर त्यांच्या मुलीनं विकलं. आता तिथं तीन मजले आणि खाली मोबाइलचं दुकान आहे.

लॅबतर्फे आम्ही तपासणी शिबिरं घेतो. कधी मझौलीला, कधी कुंडमला. कुंडमच्या शिबिराला मी कधी नाही म्हणत नाही. गाडीत खिडकीची जागा घेते. फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडंच झाडं, काही उघडी, काही फुललेली, आणि मला त्यातलं एक ओळखता येत नाही. पळस ओळखते, तो कुणालाही ओळखता येतो. एकदा दूर काहीतरी फिकट गुलाबी दिसलं. ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, ज़रा रोकना, वो पेड़ कौन सा है?" तो म्हणाला, "दीदी, पेड़ है. देर हो रही है." गाडी चालली होती ताशी साठच्या वेगानं. मागे बघेपर्यंत वळण आलं.

मुलाच्या नावाचा अर्थ माहीत असलेला एकच माणूस होता, म्हणजे खरा अर्थ, रस्ता धरून जाऊन हात लावण्यासारखा. त्याच्याकडून तो घ्यायचा तेव्हा मला स्वयंपाक होता. आता नातवंड येईल, तेही विचारेल, पप्पाच्या नावाचा अर्थ काय? आणि सांगायला वेबसाइट आहे. तेजस्वी. शुभ रंग पिवळा.

हे सगळं मनात होतं म्हणून रविवारी मुलाला फोन केला. त्याच्या बायकोचं वजन, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या विचारून झाल्या. मग म्हटलं, "ते वेबसाइटवरचं खरं धरू नको. तुझ्या नावाचा अर्थ तेजस्वी नाहीये."

"माहीत आहे ना आई. तिन्सा."

"काकांनी सांगितलेलं आठवतं तुला?"

"आठवतं काय, बघितलंय मी."

"फोटो?"

"झाड. तुला सांगितलं नव्हतं. नववीत होतो. काकांबरोबर गेलो होतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. नववीत त्याची रांझीला फिजिक्सची ट्यूशन होती, गुरुवारी. ट्यूशन एक तासाची असायची, मला दोन तासांची सांगितलेली. उरलेला तास तो काकांना पेपर वाचून दाखवायचा. दोन वर्षं. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी शाळा बुडवून दोघं कुंडमच्या बसमध्ये बसले. काकांना तोवर काहीच दिसत नव्हतं. ते कंडक्टरला पुलिया, म्हणजे रस्त्यातले छोटे पूल, मोजायला सांगत होते. एका पुलियाला म्हणाले, इथं. उतरल्यावर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालले. तीन झाडं त्यांनी हातानं चाचपून सोडून दिली. चौथ्याच्या खोडाच्या भेगांतून बोटं फिरवली, एक पान तोडून त्याची तीन दलं मोजली, आणि म्हणाले, हे तू.

"आणि मग दहा पावलं लांब गेले?" मी विचारलं.

"गेले ना. सातव्याला झुडपात अडकले, मी धरून आणलं. मग विचारतात, फुलं आलीत काय रे? नव्हती आली. पण मला वाटलं, एवढे आलेत, दिसत नाही बिचाऱ्यांना. मी म्हटलं, हो काका, खूप आहेत. तर म्हणतात, गधा कुठला, एकही मधमाशी वाजून नाही राहिली आणि म्हणे खूप आहेत! इतके हसले, आई. खाली बसून हसले."

"आणि शाळा बुडवून गेलास," मी म्हटलं. "मला ट्यूशन सांगून. दोन वर्षं. एक आंधळा म्हातारा आणि एक चौदा वर्षांचा पोरगा, हायवेला उतरून जंगलात! ट्रक चालतात तिथं. साप असतात. काही झालं असतं तर कुणाला पत्ता होता तुमचा?"

तो ऐकून घेत होता. त्याला सवय आहे. मी थांबले. मग विचारलं, "रस्त्यापासून किती आत आहे ते?"

पलीकडे तो हसायला लागला.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. काका म्हणाले होते, आईला आत्ता नको सांगू. कधी सांगशील तेव्हा ती आधी रागावेल. रागावू दे. मग ती रस्ता विचारेल. तेव्हा नीट सांग, ती कागदावर लिहून घेईल."

फोन मी कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. मग टेबलावरून पेन घेतलं, लॅबच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला, आणि म्हटलं, "हं. सांग. कुठल्या पुलियाला उतरायचं?"